गाळलेला समुद्र

समुद्राचं सांगण्याआधी काकींचं सांगते. त्या नसत्या तर समुद्राचं सांगायला मी मालवणात उरलेच नसते.

काकी म्हणजे मी ज्यांच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहते त्या. घर रापणीचं. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. त्याची दोन टोकं धरून दोन्ही बाजूंनी माणसं ओढत राहतात. काका अजून रापणीला जातात. काकींनी चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासे विकले. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून दारातच बसून विकतात. मी हे लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "माझा नाव खंय घालू नको हां. माका लाज दिसता." म्हणून नाव नाही. पण मला मदत केली ती काकींनी, हे पहिल्यांदा लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नव्हता.

मी जत तालुक्यातली. आठवीत शाळा सुटली. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर यायचा आणि घरात पाणी भरायला कुणीतरी थांबावंच लागायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. शाळा सुटली याचं तेव्हा वाईट वाटलं नाही. ते नंतर वाटायला लागलं, दरवर्षी थोडं जास्त. तिशी उलटल्यावर गावातल्या एका बाईच्या ओळखीनं मालवणात होमस्टेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. कोल्हापूरहून फोंड्याचा घाट उतरताना एसटीत मला तीनदा उलटी झाली. निघताना भाऊ म्हणाला होता, "दिवाळीपर्यंत टिकलीस तरी खूप." त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण ते वाक्य मी पिशवीत घालून आणल्यासारखं बरोबर आणलं.

मला भीती वाटते. कशाचीही वाटते. गॅस बंद केला का, कडी लावली का, मीठ दोनदा पडलं का. तांदूळ मी दोनदा निवडते. काकी माझी चेष्टा करायच्या, "गो बाय, त्या तांदळाक तरी विचार, तो कंटाळलो." पण याच खोडीमुळे मला ते दुसरं काम मिळालं.

होमस्टेत एप्रिलअखेर एक मॅडम राहायला आल्या. त्या इथून एसटीनं दोन तासांवरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. समुद्राच्या पाण्यात ऋतू बदलेल तसं काय बदलतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यासाठी दर आठवड्याला पाणी भरून ठेवणारं माणूस हवं होतं. न चुकता, पावसातसुद्धा. पुरुष माणसं होडीच्या नादात, मुलं शाळेत. काकींनी मला पुढे केलं. "ही आसा मा. अक्षर मोत्यासारखा. आणि भियाळू आसा, म्हणजे चुकूची नाय."

या शेवटच्या वाक्यावर पुढे आम्ही खूप हसलो. तेव्हा मात्र मी घाबरून दोनदा "जमेल" म्हटलं.

काम असं होतं. धक्क्याच्या टोकाला जायचं. बादली सोडून पाणी काढायचं, त्याची गरमी मापायची. एक पांढरी थाळी गाठी मारलेल्या दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. मग तपकिरी बाटलीत पाणी भरायचं, आयोडीनचे थेंब टाकायचे, झाकण लावून अंधाऱ्या पेटीत ठेवायचं. वहीत सगळं लिहायचं. मॅडमची आई पुण्यात आजारी होती, त्यांना तिकडे राहावं लागणार होतं. त्या जाताना म्हणाल्या, "ताई, मुख्य महिने पावसाचे. त्या महिन्यांच्या बाटल्या बिघडल्या तर मला पुन्हा एक वर्ष थांबावं लागेल. आणि हे नीट झालं तर काम पुढेही तुम्हीच करायचं."

जूनमध्ये पर्यटक थांबतात, होमस्टे बंद होतो. म्हणजे बाटल्या नीट भरल्या तर मी मालवणात, नाहीतर घाट चढून परत. एवढं सरळ होतं ते.

मे महिन्यातलं पाणी काय सांगू! धक्क्यावरून वाकलं की तळाची वाळू दिसायची, त्यावर आपलीच सावली हलायची. थाळी खाली खाली जात राहायची आणि मी गाठी मोजत राहायचे. बाटलीत भरलेलं पाणी उन्हात धरलं तर विहिरीच्या पाण्यासारखं. मी फोनवर आईला सांगितलं, "आई, इथला समुद्र लई चांगला आहे गं. एकदम स्वच्छ." मला अभिमान वाटत होता, जसं काही मीच तो धुऊन ठेवला होता.

जूनमध्ये तो बिघडला. म्हणजे मला तसं वाटलं. आधी लाल-तपकिरी झाला; खाडीचं पाणी येतं, काका म्हणाले, ते ठीक. पण मग पावसाला चार दिवस उघडीप मिळाली तरी तो निवळेना. गढूळपणा गेला आणि त्या जागी हिरवटपणा आला. बादलीत बारीक काहीतरी तरंगायचं, काही तर वळवळायचं. एक आठवडा मी तसंच भरलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुण्याहून येऊन मॅडम ही बाटली बघतील आणि म्हणतील, कुठल्या गटारातून भरलं हे?

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. टँकरचं पाणी घरात येतं ते कापडातून. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं चार पदरी फडकं बांधायचं, त्यातून पाणी ओतायचं. न गाळलेलं पाणी कुणी पीत नाही आणि पाहुण्याला तर देतच नाही. पाहुणा आला की आई पुन्हा एकदा गाळते, त्याच्या समोर, म्हणजे त्याला दिसावं की या घरात त्याची कदर आहे. लहानपणापासून माझे हात हेच करत आले. आणि मॅडमसारखी शिकलेली बाई, मला ताई म्हणणारी, तिला मी वळवळणारं पाणी देऊ?

पुढच्या आठवड्यापासून मी समुद्र गाळायला लागले.

आईनं बरोबर दिलेलं एक जुनं सुती लुगडं होतं, त्याचे चौकोन फाडले. बाटलीवर नरसाळं, नरसाळ्यावर चार पदरी फडकं, त्यातून बादलीतलं पाणी. बाटली भरली की पाणी पुन्हा मे महिन्यासारखं. मन शांत. मग ते फडकं चुलीजवळ वाळवायचं आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं बाटलीच्या झाकणावरून बांधून टाकायचं, खारा वारा आत जायला नको म्हणून. बाटलीवरच्या चिठ्ठीची शाई दमट हवेत पसरायची, म्हणून दादऱ्याच्या दोरीलाही तारखेची एक चिठ्ठी बांधायची. एकाच बाटलीला दोन चिठ्ठ्या. भित्रेपणाचे असेही फायदे असतात.

काकी चुलीशी फडकं वाळताना बघायच्या. "ह्या काय गो? पाण्याक शाल?" म्हणायच्या. मी म्हणायचे, "दादरा आहे." त्या म्हणायच्या, "आमची लोणची उघडी पडली हत, आणि ही समुद्राची बरणी बांधता." आणि खरंच एक दिवस त्यांनी मला आंब्याच्या लोणच्याच्या तीन बरण्या बांधायला लावल्या.

जून-जुलै अशा दोन महिन्यांत मी मासे खायला शिकले. घरात ताजे नव्हतेच. मासेमारी बंद असते, सुकटीवर आणि खाऱ्यावर भागवायचं. मी विचारलं, समुद्र एवढा मोठा, मग दोन महिने का थांबायचं? काकी सुका बांगडा भाजत होत्या. म्हणाल्या, "आता त्यांच्या पोटात गाभोळी असता. बाळंतपणाच्या खोलीत कोण शिरता काय?" मग बांगडा उलटवत आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पण ती बारकी पोरां ह्या खवळलेल्या दर्यात खातत काय, ह्या माका कधी कळूक नाय. चाळीस वर्सां झाली इचारतंय." तेव्हा मला त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. त्याचं उत्तर माझ्या फडक्यावर दर आठवड्याला चुलीशी वाळत होतं.

नारळी पौर्णिमेनंतर काका मला होडीतून थोडं आत न्यायला लागले. तिथं एक गोष्ट झाली ती मी वहीत लिहिली, कारण मला काय लिहावं, काय नाही हे कळत नसल्यानं मी सगळंच लिहायचे. काकांनी नांगराची दोरी ओढली आणि तिचं खालचं टोक माझ्या हातात दिलं. "बघ हात लावन." वर ऊन तापलेलं, वरचं पाणी कोमट, आणि दोरी मात्र माठाच्या बुडासारखी थंडगार.

"खालना वर इलेला पाणी," काका म्हणाले. "पावसाळ्यात वारो वरचा पाणी लोटता, मगे तळाचा वर येता. ह्या इला की तारली येता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तारली इली की कळता," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर एवढे हसले की होडी हलली.

थाळी सोडली तर चार गाठींत दिसेनाशी. मे महिन्यात मी गाठी मोजून दमायचे. पाणी हिरवं, दाट, पालेभाजी उकळून उरावं तसं. मला काका आणि त्यांच्या तारली माशापेक्षा माझ्या बाटलीची काळजी. त्या दिवशी मी फडकं चारऐवजी आठ पदरी घेतलं.

आणि तारली खरंच आली. सप्टेंबरात एका सकाळी किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला, "येवा, येवा, ओढूक येवा!" काकी गुडघे विसरून धावल्या, त्यांच्या मागून मी. रापणीची दोरी हातात घेतली. पुढे एक निवृत्त मास्तर, मागे पोस्टातले एक जण, मध्ये मी. जाळं काठाला लागलं तेव्हा पाणी उकळतं आहे असं वाटलं. नुसती चांदी उसळत होती. एवढा मासा काठाला का यावा? काकी म्हणाल्या, "खालच्या पाण्यात त्यांका दम लागता, म्हणान वर येतत." पुढे मॅडमनीही हेच सांगितलं, फक्त प्राणवायू हा शब्द घालून: तळाच्या पाण्यात खत भरपूर पण हवा कमी, म्हणून मासे वरच्या थरात आणि काठाकडे दाटी करतात.

त्या दिवशी काकींच्या घरात तारलीचं तिखलं झालं, आणि मी भाताबरोबर चार वेळा वाढून घेतलं. अंगठ्याला चरबी लागली होती. "बघ कशी लोणयासारखी झाली हत," काकी म्हणाल्या. "मे महिन्यात ह्याच तारलेचो नुसतो काटो लागता."

ऑक्टोबरात मॅडम परत आल्या. पेटी उघडून त्यांनी बाटल्या अंगणात मांडल्या. दादरे बघून हसल्या, "किती जपलंत हो! पण हे नको, झाकण पुरे." एकेक दादरा सोडून बाजूला ठेवला आणि बाटल्या घेऊन गेल्या. मी त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं की काम झालं, दिवाळीनंतरही मी इथेच.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज थकलेला. "ताई, एक विचारायचं होतं. आयोडीन आठवणीनं टाकलं होतं ना?"

"टाकलं होतं. वहीत आहे, प्रत्येक वेळचं."

"हो, वही तर तुमची सुंदर आहे. थाळी सांगते पाणी दाट हिरवं, दोरी थंड, तारली काठाला आलेली. म्हणजे पाणी सूक्ष्म वनस्पतींनी भरलेलं असायला हवं. आणि बाटल्या बघावं तर जवळजवळ रिकाम्या! मे महिन्याच्या बाटलीत थोडं असणार, हे मला माहीत होतं. ते निळं, नितळ पाणी म्हणजे उपाशी पाणी. पण ऑगस्ट-सप्टेंबरची बाटली तिच्याहून रिकामी?" मग स्वतःच म्हणाल्या, "आयोडीनच खराब असणार. माझीच चूक, मी जुनी बाटली दिली असेन. वर्ष गेलं म्हणायचं."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला. आणि पडवीत येऊन बसले.

निळं पाणी उपाशी. हिरवं पाणी भरलेलं. जे तरंगत होतं, वळवळत होतं, तेच त्यांना हवं होतं. तेवढंच हवं होतं. आणि मी आठ पदरी कापड लावून ते बाहेर काढलं, आणि उरलेलं पाणी काळजीनं त्यांना दिलं. खीर गाळून शेवया फेकाव्या आणि पाहुण्याला पातेलं पुसून दूध वाढावं, तसं.

खरं सांगते, गप्प राहायचा विचार माझ्या मनात आला. मॅडमनी स्वतःच कारण शोधलं होतं. आयोडीन खराब. कुणाला कळणार होतं? काम कदाचित राहिलंही असतं. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी काकींनी बांगडा तळला आणि मी ताटात बोट फिरवत बसले, तेव्हा त्यांनी झारा खाली ठेवला.

"काय झाला?"

"काही नाही."

"काय नाय तर खा."

मग मी सगळं सांगितलं. सांगताना रडले, आणि रडताना आमच्याकडची बोली बाहेर आली, जी मी इथे कुणापुढे बोलत नाही. काकींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थांब. म्हणजे तू समुद्र गाळलंस?"

"व्हय."

"कपड्यान?"

"व्हय, काकी."

काकींनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं त्याही रडतायत. पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून काका विचारायला आले तर त्यांना बोलता येईना. "अहो, हिणा... हिणा दर्या गाळल्यान! चार म्हयने गाळता हा!" काका दाराची चौकट धरून उभे राहिले. मी रडतेय आणि ही दोघं हसतायत. शेवटी मलाही हसू आलं. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच घास घशाखाली उतरला.

हसणं संपल्यावर काकी उठल्या, माळ्यावरून मासे ठेवायची जुनी टोपली काढली आणि माझ्यासमोर उपडी केली. दादरे! एकूण एक दादरे. मॅडमनी अंगणात सोडून ठेवलेले, चिठ्ठ्यांसकट, दोऱ्यांसकट.

"मी भांड्यांक घेवक म्हणान उचललंय," काकी म्हणाल्या. "पण तू इतक्या मन लावन गाठी मारलेलंस, सोडूक जीव झालो नाय. ठेवलंय तसेच."

आम्ही ते तारखेप्रमाणे ओळीनं मांडले. जूनचे मातकट. जुलैचे फिके, कडेला हिरवट. ऑगस्टमध्ये हिरवा रंग मध्यभागी दाट होत गेलेला. आणि सप्टेंबरचे तर शेवाळाचं लिंपण घातल्यासारखे, कडक, वास सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा. पडवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावसाळा पसरला होता.

"जे तू फेकलंस म्हणतंस, ता ह्या काय?" काकींनी बोट लावून विचारलं. "फेकूक खंय? ह्यार तर आसा."

"पण हे चालंल का?"

"ता माका काय म्हायत? मॅडमीक इचारूक होया."

"मला काढून टाकतील, काकी."

"टाकूंदेत. खोटा बोलून रवलंस तर रोज तांदूळ चार-चार वेळा निवडशीत. माका ता बघूक होणा नाय. उद्या सकाळची गाडी. मी येतंय."

एसटीत काकी इस्त्रीचं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून खिडकीशी बसल्या. मांडीवर टोपली. वाटेत त्यांनी ओळखीच्या दोन बायकांना हाक मारली, कंडक्टरला त्याच्या लग्नाचं विचारलं, आणि कॉलेजच्या दारात शिरताना एकदम पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "आम्हाला मॅडमना भेटायचे आहे." शिपाई उठून उभा राहिला.

मॅडमसमोर मी सांगितलं. पाठ करून नेलेलं विसरले, तरी सांगितलं. मॅडमचा चेहरा बदलत गेला. आधी समजेना, मग समजलं, मग त्यांनी डोळे मिटले. त्या चिडल्या. का चिडू नयेत? "ताई, मला एकदा फोन करून विचारायचं तरी! एकदा!" एवढंच म्हणाल्या, पण आवाज मोठा होता. मी मान खाली घालून उभी.

काकींनी टोपली टेबलावर ठेवली. "मॅडम, हिची चूक आहे. पण आमच्याकडे चूक झाली तरी माल आणून दाखवतात. तुम्ही बघा तरी."

मॅडमनी एक दादरा उचलला. दुसरा उचलला. चिठ्ठी वाचली. मग त्या कपाटाकडे गेल्या आणि नाण्याएवढे गोल पांढरे कागद घेऊन आल्या, मधोमध हिरवे डाग पडलेले. "हे बघा," त्या म्हणाल्या, आणि आवाज जरा खाली आला होता. "आम्हीही पाणी गाळतोच. प्रयोगशाळेत आल्यावर, कागदातून. पाणी फेकतो आणि कागद ठेवतो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कागद फेकला आणि पाणी ठेवलं." आणि त्या हसल्या. थोड्याच, पण हसल्या.

सप्टेंबरच्या फडक्याचा तुकडा त्यांनी पाण्यात भिजवला, खरवडला, थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काच इकडे तिकडे सरकवून पाहिली. मग मला बोलावलं. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा आमच्या शाळेत हे यंत्र कपाटात कुलपात होतं. त्याला डोळा लावायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही. आत काय होतं? काचेचे मणी, एकाला एक जोडलेल्या माळा. बारीक डब्या, त्यांच्यावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नक्षी. सुया. या वनस्पतींची कवचं काचेसारखी असतात, मॅडम म्हणाल्या, त्या मेल्या तरी कवच टिकतं. तळाचं थंड पाणी वर खत आणतं, उन्हात यांची वाढ होते, यांना लहान जीव खातात, मासे खातात. पावसाळ्याच्या वाऱ्यानं दर्या ढवळला नाही तर हे काहीच नाही.

"सोलकढीसारखा," काकी म्हणाल्या, पुस्तकी मराठी विसरून. "ठेवली की खाली बसता. ढवळली नाय तर वर नुसता पाणी."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

मग काकींनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकल्या. एक डोळा बंद करता येईना, म्हणून मी त्यांच्या एका डोळ्यावर हात धरला. "बायो माझे!" त्या ओरडल्या. मग आणखी खाली वाकल्या. डोळा न काढता म्हणाल्या, "तर ह्या खातत ती पोरां." आणि परत, "चाळीस वर्सां तारली इकलंय, आणि तिची पेज आज बघतंय."

सगळं सुटलं असं नाही. कापडातून जे बारीक निसटलं ते निसटलं, आणि किती पाण्यात किती जीव हे फडक्यावरून मोजता येत नाही. मॅडमनी तो भाग तसाच कोरा ठेवला आणि का कोरा आहे ते स्पष्ट लिहिलं. पण कोणत्या आठवड्यात कोणत्या जातीच्या वनस्पती आल्या, हे दादऱ्यांनी सांगितलं, कारण दोरीला तारखा होत्या. निघताना मॅडम म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारपासून पुन्हा सुरू. आणि ताई..."

"गाळणार न्हाई," मी त्यांचं वाक्य संपायच्या आधीच म्हणाले.

आता मी न गाळता भरते. अजून हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू? हिवाळ्यात वारा फिरला, पाणी हळूहळू निवळत गेलं, आणि या मे महिन्यात पुन्हा ते निळं झालं. पर्यटक धक्क्यावर उभे राहून म्हणाले, काय सुंदर पाणी आहे. मी थाळीच्या गाठी मोजत मनात म्हटलं, उपाशी आहे बिचारं. थांबा जरा. आईला फोनवर आता मी हिरव्या पाण्याची बातमी देते, आणि ती दर वेळी विचारते, "मग गाळून घेतलंस का?"

काकी मात्र त्या दिवसापासून एकच तक्रार करतात. "थंय बघलंय ती सगळी मेलेली. जिती कशी हलतत, ता बघूक होया." कॉलेजपर्यंत जिवंत पाणी नेईतो ते टिकत नाही आणि काकींचे गुडघे रोज एसटीचे नाहीत. म्हणून मी ठरवलं आहे, आणि इथं लिहून ठेवते म्हणजे मला भिऊन मागे हटता येणार नाही. एक दिवस मी छोटा का होईना, पण स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेईन. पावसाळा सरता सरता, दोरी थंड लागायला लागली की, बादलीतला पहिला थेंब मॅडमच्या बाटलीच्या आधी काकींच्या ओट्यावर येईल. मी काकींच्या एका डोळ्यावर हात धरीन, आणि त्यांनी पुरे म्हणेपर्यंत काढणार नाही.